भावना घरी ठेवून पंचनामा होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी सदर येतं. मागच्या आठवड्यात त्यात एका मार्गदर्शकांनी लिहिलं की, चांगल्या अधिकाऱ्याने कार्यालयात शिरताना भावना चपलांसारख्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात. निर्णय फक्त डोक्याने घ्यावा. माझा पुतण्या धुळ्याला अभ्यासिकेत बसतो. त्याने ते कात्रण भिंतीला चिकटवलं, फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'काकू, तुम्ही पण हेच करत होत्या ना?'

नाही रे बाबा. हे करत नव्हते, आणि असं करणारे सोबत असले की काय होतं तेही पाहिलंय. फोनवर एवढं सगळं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय; कात्री लावायची तर शेवट सोडून कुठेही लावा.

मी कृषी खात्यात कृषी सहायक होते. (हल्ली पदाचं नाव बदलून सहायक कृषी अधिकारी केलंय. नावाबरोबर आणखी काय बदललं ते नव्या मुलांना विचारा.) आधी रावेर-यावलचा केळीपट्टा, मग अमळनेर-पारोळ्याची कपाशी. निवृत्तीनंतर अमळनेरातच आहे. वाचायची सवय नोकरीत असतानाच लागली, कारण एसटीची वाट बघण्यात बराच वेळ जायचा.

आधी एक गंमत. ज्या परीक्षेसाठी हा सल्ला आहे, त्या यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा अख्खा एक पेपर आहे, अडीचशे गुणांचा. त्याच्या अभ्यासक्रमात भावनिक बुद्धिमत्ता आहे, दुर्बल घटकांबद्दलची करुणाही आहे. म्हणजे करुणेवर उत्तर लिहून गुण घ्यायचे आणि नोकरी लागली की ती बाहेर काढून ठेवायची, असा हिशोब दिसतो.

आता माझ्या अनुभवाचं सांगते. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने खान्देशासकट महाराष्ट्राची कपाशी खाल्ली. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणारी, आपल्याकडे २००२ मध्ये आली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली आणि लोक बोंडअळीला विसरून गेले. अळी स्वस्थ बसली नव्हती. पिढ्यामागून पिढ्या ती ते विष पचवायला शिकत होती. त्यात आमच्याकडे विहिरीला पाणी असलेला शेतकरी मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावून मोकळा होतो, आणि भाव बरा असला तर डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड ठेवतो, म्हणजे तेच पीक पुढच्या वेचणीसाठी उभं ठेवतो. अळीला वर्षाचे जवळजवळ बाराही महिने खायला मिळतं.

त्यानंतर गावोगाव शेतीशाळा घ्यायच्या होत्या. आमच्याकडे प्रोजेक्टर होता, चित्रं होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अळीच्या अवस्था दाखवायच्या: अंडी, अळी, कोष, पतंग. लोक बघायचे, चहा घ्यायचे, हजेरीच्या कागदावर सही करायचे आणि जायचे. पुढच्या खेपेला विचारलं की पतंग कसा दिसतो, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. अडाणी म्हणावेत तर तेच लोक बाजारभाव, पाण्याच्या पाळ्या आणि भाऊबंदकीतले तीस वर्षांपूर्वीचे हिशोब तोंडपाठ सांगतील.

मग मी भिंत सोडली आणि माणसांना त्यांच्याच वावरात नेलं. हिरवं, टणक, बघायला एकदम निरोगी बोंड तोडून मालकाच्याच हातात द्यायचं. या अळीची खोड अशी की ती अगदी बारीक असतानाच बोंडात शिरते, आणि बोंड वाढताना ते भोक बुजून जातं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. विचारायचं, 'कसं आहे बोंड?' उत्तर ठरलेलं: 'चांगलं शे ना मॅडम, काय व्हयनं त्याले?' मग चाकूने उभं चिरायचं. आत ओली पांढरी रुई, तिच्यात पिवळट डाग, पोखरलेली सरकी, आणि त्या सरकीतून डोकं बाहेर काढणारी गुलाबी अळी. माणूस बोंड हातातून टाकूनच द्यायचा. कोणी शिवी हासडायचं. पारोळ्याकडच्या एका गावात एक बाबा काहीच बोलले नाहीत. बांधावर बसले, जरा वेळाने उठले आणि स्वतःच्या हाताने बोंडं तोडत, चिरत, बघत ओळीच्या शेवटापर्यंत गेले. त्यांच्यामागे सगळी शेतीशाळा.

त्या गावात डोमकळी म्हणजे काय हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही. (अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यांनी जोडून टाकते, फूल उमलतच नाही, मिटलेलं राहतं. ती डोमकळी.) बायका निंदणी करता करता डोमकळ्या तोडून ओच्यात टाकायला लागल्या आणि संध्याकाळी जाळायला लागल्या. माहिती तीच होती, भिंतीवर दाखवलेली. फरक पडला तो पोटात ढवळून आल्याने.

असं का होतं याचा एक प्रयोग मी नंतर वाचला. अमेरिकेत लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली: एक मुलगा आईबरोबर वडिलांना भेटायला दवाखान्यात निघतो. काहींना त्याची साधी हकिकत सांगितली, काहींना सांगितलं की वाटेत मुलाला गाडीने उडवलं. आठवड्यानंतर विचारलं तर ज्यांनी अपघात ऐकला होता त्यांना तो मधला भाग जास्त नीट आठवत होता. इथवर काही नवल नाही. पण काही जणांना गोष्टीआधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. आपल्याकडे रक्तदाबाला आणि छातीत धडधडण्याला देतात तीच गोळी. त्यांनाही गोष्ट आठवत होती, अपघाताचा भाग मात्र बाकीच्या गोष्टीइतकाच साधा आठवत होता. शरीरातली खळबळ गोळीने रोखली आणि स्मरणशक्तीला मिळणारा जोर गेला. म्हणजे शिकण्याच्या यंत्रणेतच भावनेची जागा आहे. ती वगळून शिकवायला गेलं की आमच्या प्रोजेक्टरसारखं होतं.

मार्गदर्शक म्हणतील, बरोबर, पण घाबरलेला माणूस चुकीचा निर्णय घेतो त्याचं काय? घेतो ना. बोंड चिरून दाखवून मी घरी निघून आले असते तर अनर्थ झाला असता. घाबरलेला शेतकरी येताना कृषी केंद्रावर थांबतो आणि दुकानदार देईल त्या दोन-तीन बाटल्या एकत्र करून फवारतो. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. म्हणून बोंड चिरल्यावर लगेच मोजणी शिकवायची. कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून घेणारे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचं बघा. नाहीतर वावरात तिरपं चालत जा, वेगवेगळ्या झाडांवरची वीस बोंडं तोडा, चिरा, किडकी किती ते मोजा. दोनाच्या खाली असतील तर औषधाला हात लावू नका. ही मोजणी रटाळ आहे, उन्हात नकोशी होते. ती लोकांनी केली, कारण चिरलेल्या बोंडाची किळस मनात ताजी होती. आणि मोजणी होती म्हणून किळस बाटल्यांवर गेली नाही. आता यात डोकं कुठलं आणि भावना कुठली, हे वेगळं काढून दाखवायचं काम मी त्या लेखकांवर सोपवते.

सगळ्याच भावना शिकवतात असंही नाही. लाज शिकू देत नाही, हे माझं पक्कं मत आहे. शेतीशाळेत 'फरदड कोणी कोणी ठेवली?' असा प्रश्न एका वरिष्ठांनी चारचौघांत विचारला आणि गाव जे गप्प झालं ते झालंच. शेजारच्याच वावरात जानेवारीतली हिरवी पऱ्हाटी उभी होती, मालक पुढच्या रांगेत बसला होता, आणि तो त्या दिवशी काही शिकणार नव्हता. साहेब गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन सगळं बोलला: मुलीचं लग्न होतं, शेवटच्या वेचणीचे पैसे हवे होते. मी स्वतः शाळेत 'मनी माय भाकरी करस' असं अहिराणीत बोलून गेले आणि वर्ग खो खो हसला, बाईंसकट. त्यानंतर त्या वर्गात मी हात वर केला नाही. गणित मला त्या वर्षीही येत होतं.

गणितावरून आठवलं. चाळीसगावजवळ पाटणं आहे. तिथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. लोक पाटणादेवीला सहलीला जातात, लेखाकडे फार कोणी बघत नाही. तर या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमाराला 'लीलावती' लिहिली, आणि तिच्यातलं एक उदाहरण असं: भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, उरला एक भुंगा, तो केतकी आणि मालती दोघींच्या वासाने ओढला जाऊन मधेच आकाशात भिरभिरतोय, तर सांग, भुंगे किती? उत्तर पंधरा. समीकरणात तो शेवटचा भुंगा म्हणजे नुसता एक. भास्कराचार्यांना 'आणि बाकी एक उरला' एवढं लिहून भागलं असतं. त्यांनी त्याला भिरभिरत ठेवला, कारण शिकणाऱ्याला त्या एकाची काळजी वाटायला हवी होती. ज्यांच्या बुद्धीबद्दल आजवर कोणी शंका घेतली नाही, त्या माणसाची शिकवायची ही पद्धत.

शिकण्याचं पुरे. निर्णयाकडे येते, कारण लेखाचा रोख तिकडे होता.

भावना काढून टाकलेल्या माणसाचा निर्णय कसा असतो हे कल्पनेने ठरवायची गरज नाही, तशी माणसं डॉक्टरांनी तपासलेली आहेत. अमेरिकेतल्या आयोवात अँतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञांकडे एक रुग्ण होता, ते त्याला एलियट म्हणतात. चांगला नोकरीधंद्यातला, संसारी माणूस. कपाळामागे गाठ झाली, शस्त्रक्रियेत गाठीबरोबर मेंदूचा पुढचा काही भाग गेला. नंतर बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तर सगळं उत्तम: स्मरण, भाषा, तर्क. पण जळती घरं, बुडणारी माणसं अशी चित्रं दाखवली तरी त्याला काही वाटेना, आणि वाटत नाही हे त्याला स्वतःला कळत होतं. लेखातला आदर्श अधिकारीच म्हणा. या माणसाची नोकरी गेली, नको त्या धंद्यात पैसा बुडाला, संसार मोडला. कागद लावायला बसला तर ते तारखेनुसार लावावेत की विषयानुसार, यात दुपार जायची. तशाच दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडत बसला. कशालाच वजन वाटत नसलं की सगळे मुद्दे सारखेच महत्त्वाचे होतात. दामासिओंनी हे १९९४ मध्ये पुस्तकात मांडलं.

दामासिओंच्याच गटाने अशा रुग्णांबरोबर आणि धडधाकट माणसांबरोबर पत्त्यांचा एक खेळ केला होता. चार गड्ड्या, दोन गड्ड्यांत मोठी कमाई आणि त्याहून मोठा फटका, दोनांत थोडी कमाई आणि थोडा फटका. धडधाकट माणसांच्या तळहाताला वाईट गड्डीकडे हात जाताना घाम सुटायचा, आणि तोही ती गड्डी वाईट का हे त्यांना सांगता येण्याआधी. त्या रुग्णांना सुटायचा नाही, आणि ते हरत राहायचे. यावर पुढे वाद झाला. खेळणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा आधीच बरंच कळलेलं असतं, असं २००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. होऊ दे वाद. मला केळीच्या बागेत ते ओळखीचं वाटलं.

रावेर-यावलला मे-जूनमध्ये वादळ येतं. निसवलेली बाग, म्हणजे घड लागलेली, वजनामुळे आधी जाते. बुंधा कमरेत मोडतो, घड मातीत. कोवळी बाग पानांच्या चिंध्या होऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असा आमचा संयुक्त पंचनामा. एकदा एका बागेत शिरताच मला कसंतरी व्हायला लागलं. झाडं आडवी होती, मालक हात जोडून उभा होता, सगळं इतर बागांसारखंच. तरी मन घेईना. मी ते मन बाजूला सारून आकडा लिहिला नाही आणि मालकाला खोटारडाही म्हटलं नाही. खाली बसले आणि मोडलेल्या बुंध्याला बोट लावलं. काल मोडलेल्या केळीतून पाणी झिरपत असतं, चीक बोटाला लागतो. इथे बुंधा आतून काळा पडून लिबलिबीत झाला होता. झाडं बरीच आधी, दुसऱ्याच कारणाने गेली होती. नजरेने ते दारातूनच टिपलं असणार. डोक्याला कळेपर्यंत पोटाला कळलं होतं. पुढची दोन-चार झाडं तपासून, ताजी मोडलेली वेगळी मोजून तेवढीच धरली. मालकाने हरकत घेतली नाही.

मदतीचा नियम ३३ टक्क्यांचा. पूर्वी पिकाचं निम्मं नुकसान लागायचं, २०१५ मध्ये ती अट खाली आणली. ३२ लिहिलं तर शून्य, ३४ लिहिलं तर मदत. आणि हा आकडा तुम्ही बागेत उभं राहून, नजरेने आणि चार ओळी मोजून ठरवता. इथे भावना तुम्हाला खरोखर फसवतात, आणि कुठे फसवतात ते मी सांगते, कारण लेखात ते नाही. आमची जीप डांबरी सडकेने यायची. सडकेलगतच्या बागांत गर्दी असायची, कोणी रडत असायचं, कोणाची आई पदर डोळ्याला लावून. साहजिकच आम्ही तिथे थांबायचो, पाणी प्यायचो, ओळ न् ओळ बघायचो. नाल्यापलीकडच्या बागा यायच्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, आणि तिथे 'अंदाजे लिहा हो' व्हायचं. कोणी लबाडी करत नव्हतं. समोर दिसणाऱ्या एकाचं दुःख न दिसणाऱ्या पन्नासांचं दुःख खाऊन टाकतं, एवढंच.

यावरही २००७ मधला अभ्यास आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी लोकांना देणगी मागितली. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एकाच मुलीबद्दल सांगितलं, काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांचे आकडे दिले. एका मुलीला जास्त पैसे मिळाले. आणि मुलीबरोबर आकडेही दिले तर तिच्याही वाट्याचे पैसे घटले. मला तर वाटतं भावना बाहेर ठेवण्याचा सल्ला इथेच तोंडावर पडतो. आकडे समोर ठेवले म्हणून माणसं शहाणी झाली नाहीत, हात आखडते झाले.

मी जे केलं ते अगदी साधं. पंचनामा गावाच्या टोकाकडून सुरू करायचा. सकाळी, पाय ताजे असताना, आधी नाल्यापलीकडे. सडकेवरची बाग शेवटी. तलाठी भाऊसाहेब कुरकुरायचे, चिखलातून आधी कशाला म्हणून. मग तेही सवयीचे झाले. नाल्यापलीकडच्या माणसाच्या बागेत सकाळी उभं राहिलं की त्याचंही तोंड दिसतं, त्याच्याबद्दलही वाटतं, आणि मग ओळी मोजल्या जातात.

आता रागाचं. मार्गदर्शकांनी त्याला सगळ्यांत मोठा शत्रू म्हटलंय.

निमबटाईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, केळी केलेला एक जण होता. जमीन दुसऱ्याची, मालक जळगावला राहणारा. कंद याने आणलेले, खत निम्मं याचं, रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जायचा हा आणि याची बायको. बाग पूर्ण झोपली. पंचनाम्यात नाव जातं सातबारावरचं. मदत त्या नावाच्या खात्यात. मी नमुना भरत होते आणि ती बाई शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, 'ताई, आमनं नाव कोठे लिखशात?' लिहायला रकाना नव्हता.

मला तेव्हा जो संताप आला तो तिच्यावर नव्हता, मालकावरही नव्हता, तो येऊन बसला होता माझ्या हातातल्या कागदावर. डोकं थंड ठेवणाऱ्या सहकाऱ्याने बरोबर तेच सांगितलं जे नियमात होतं: 'मॅडम, आपल्याला रकान्याशी मतलब.' त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. रकाना अपुरा आहे ही माहिती त्या बागेत फक्त रागाकडून मिळत होती. नियमाकडून ती मिळणं शक्यच नव्हतं, नियमाला आपल्यात काय नाही ते दिसत नाही. म्हणून मी रागाने नुकसानीचा टक्का बदलला का? नाही, आणि बदलणारा माणूस मी कामावर ठेवणार नाही. टक्का मोजून जो आला तो लिहिला. मग मालकाला फोन लावला आणि पारावर, सरपंचांसमोर, मदत आली की वाटणी कशी होणार ते विचारलं. त्यांनी निम्मी दिली. दुसऱ्या गावात दुसऱ्या एका मालकाने 'बघू' म्हटलं आणि काही दिलं नाही. माझ्या रागाला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. वरिष्ठांना दर हंगामात टिपण पाठवत राहिले, एवढंच.

पुतण्याचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: 'काकू, मग राग कधी ऐकायचा आणि कधी नाही?' याचं उत्तर मी अमळनेरात राहते म्हणून मला बरं सापडलं. साने गुरुजींचं नाव घेऊन भावनेच्या बाजूने टाळ्या मिळवणं इथे फार सोपं आहे, म्हणून ते घेत नाही. १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. १९३०च्या दशकात तिथे कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगाली तत्त्वज्ञ संचालक म्हणून होते. रसावर त्यांचा एक निबंध आहे. मला त्यातला बराच भाग झेपला नाही, पण एक उदाहरण डोक्यात बसलं. नातू खेळण्याशी खेळतोय, त्याला आनंद होतोय, तो एक. आजोबा त्याच्याकडे कौतुकाने बघतायत, त्यांना नातवाच्या आनंदाचा आनंद, तो दुसरा. आणि त्या आजोबांना बघणारा कोणी तिसरा, त्याला वाटतं ते आणखी वेगळं, मोकळं. तिसऱ्याला भावना नाही असं नाही. तो गुरफटलेला नाही. भट्टाचार्य हे कलेच्या आस्वादाबद्दल सांगत होते, पंचनाम्याबद्दल नाही, हे कळतं मला. पण बागेत मालक रडतो, मला रडू येतं, आणि मला रडू येतंय हे मीच जरा मागे सरकून बघते, मग चार ओळी मोजते. अधिकाऱ्याला शिकवायचं तर हे तिसऱ्या जागी उभं राहणं शिकवा. त्यासाठी आधी पहिल्या दोन जागा असाव्या लागतात. एलियटकडे त्या नव्हत्या.

शेवटी दोन मागण्या, आणि या मात्र कृपा करून कापू नका.

एक, आपल्या सदरातल्या मार्गदर्शकांना. नीतिशास्त्राच्या पेपरआधी आपल्या मुलांना एका पंचनाम्याला नुसतं सोबत पाठवा. वादळाची वाट बघायची नसेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशीच्या वावरात पाठवा. बोंड चिरायला चाकू मी देईन.

दोन, शासनाला. नुकसानीच्या पंचनाम्याच्या नमुन्यात 'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना घाला. मालकी हक्काला त्याने बाधा येणार नाही असं खाली छापा, म्हणजे जमीनमालक बिथरणार नाहीत. नुसत्या रकान्याने उद्या पैसे मिळणार नाहीत हे मलाही कळतं. पण बटाईने करणारे किती आणि त्यांचं किती गेलं याची नोंद तरी होईल, आणि पुढचा निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर काहीतरी असेल. यात भांडणं वाढतील असं महसूलवाले म्हणतील. ती भांडणं आजही होतात, फक्त आमची जीप गेल्यावर.

आपली,
एक निवृत्त कृषी सहायक, अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती. पुतण्याला तसंही कळेलच.)